थंडीतले उतरलेले मन आणि आळसाचे पाप



नाताळचा सण आटोपला. गव्हाणी आवरली, चांदण्या उतरवल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता सामान्यकाळाचे रविवार सुरू झाले आहेत. तळोद्याची थंडी मात्र अजून हटलेली नाही. सातपुड्यावरून उतरणारा वारा रात्री दारा-खिडक्यांच्या फटींतून आत शिरतो. वर डाब आणि तोरणमाळच्या भागात तर काही वर्षी गवतावरचे दवही गोठते. या दिवसांत घरोघर एक तक्रार ऐकू येते. "उठावेसेच वाटत नाही. अंग जड झाले आहे. कशातच मन लागत नाही." कोणी रविवारच्या मिस्साला येणे सोडतो. कोणी जपमाळ हातात घेतो आणि एक दशक पूर्ण होण्याआधीच ती खाली ठेवतो. कोणी शेतात जातो आणि बांधावर नुसता बसून राहतो.

अशा माणसाला आपण काय म्हणतो? बहुतेक वेळा एकच शब्द वापरतो: आळशी. घरचे म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि काही दिवसांनी तो माणूस स्वतःही स्वतःला तेच म्हणू लागतो. पापनिवेदनाला गेला की तो पहिल्यांदा आळसाचेच पाप सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी सात मूळ पापे पाठ केली आहेत: गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि शेवटी आळस. तेव्हा प्रश्न असा आहे: थंडीच्या दिवसांत अंग आणि मन उतरणे हे पाप आहे काय? आणि ते पाप नसेल, तर सात पापांच्या यादीत जो आळस सांगितला आहे, तो नेमका कोणता?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. जो माणूस आजारी आहे त्याला पापी ठरवले, तर तो डॉक्टरकडे जात नाही, माणसांत येत नाही, आणि देवासमोर यायलाही त्याला लाज वाटते. उलट जे खरोखर पाप आहे त्याला आपण थकवा म्हणून सोडून दिले, तर आपला अंतरात्मा झोपी जातो. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे आपल्याला भाग आहे.

यादीतला आळस कोठून आला?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहून प्रार्थना करणारे अनेक संन्यासी होते. त्यांच्यापैकी एव्हाग्रियस (मृत्यू इ. स. ३९९) यांनी माणसाच्या मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यांतील एका विचाराचे ग्रीक नाव होते 'अकेडिया'. त्यांनी त्याचे वर्णन मोठे बारकाईने केले आहे. भरदुपारी संन्याशाला वाटते, सूर्य जागचा हलतच नाही. तो पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो, जेवणाची वेळ झाली का पाहतो, आपली खोली त्याला नकोशी होते, सोबतच्या बांधवांत प्रेम उरलेले नाही असे त्याला वाटू लागते. पुढे योहान कॅसियन यांनी ही शिकवण पश्चिमेकडे नेली. पोप संत ग्रेगरी (कार्यकाळ ५९० ते ६०४) यांनी मुख्य पापांची यादी सातांची केली, तेव्हा त्या जागी 'खिन्नता' हा शब्द होता. नंतर तेथे पुन्हा अकेडिया आली. आणि निरनिराळ्या भाषांत उतरता उतरता त्या शब्दाचा झाला आळस.

पण 'अकेडिया' या शब्दाचा मूळ अर्थ अंग न हलवणे असा नाही. त्याचा अर्थ आहे काळजी नसणे, आस्था नसणे. आपल्या मराठीत त्यासाठी अगदी नेमका शब्द आहे: अनास्था. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात त्याची व्याख्या केली. देवाच्या प्रेमात जे भले आहे, त्याचाच माणसाला कंटाळा यावा, त्याचेच ओझे वाटावे, ही अकेडिया. म्हणूनच ते तिला प्रेमाच्या विरुद्धचे पाप म्हणतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही आत्मिक आळस हा देवाच्या प्रेमाविरुद्धच्या पापांतच सांगितला आहे.

या व्याख्येने पाहिले तर बरेच काही उलटेपालटे होते. एखादा माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत धावपळ करतो, पैसा मिळवतो, चार संस्थांत पदे भूषवतो, पण घरातल्या म्हाताऱ्या आईशी बोलायला त्याला पाच मिनिटे नाहीत आणि त्याचे त्याला काही वाटतही नाही. त्याच्यात अकेडिया असू शकते. आणि जी बाई तापाने फणफणून अंथरुणाला खिळली आहे, तरी शेजारणीच्या लेकराची चौकशी करते, तिच्यात तिचा लवलेशही नाही. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की अनेक दशके त्यांना प्रार्थनेत काहीच गोडी वाटत नव्हती. आत केवळ अंधार होता. तरी त्या मरणाऱ्यांच्या उशाशी जात राहिल्या. गोडी न वाटणे म्हणजे अनास्था नव्हे, हे त्यांच्या आयुष्यावरून कळते.

शरीराचा वाटा

आता शरीराकडे पाहू या. देवाने आपल्याला शरीर देऊनच घडवले आहे आणि त्या शरीराला उजेड लागतो. १९८४ साली नॉर्मन रोझेंथाल या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एका आजाराची नोंद केली. काही माणसांना दरवर्षी हिवाळा आला की उदासपणा येतो, झोप वाढते, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ लागते, आणि वसंत ऋतूत ती माणसे पुन्हा ठीक होतात. रोझेंथाल स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत गेलेले होते, आणि तो फरक त्यांनी स्वतःही अनुभवला होता. डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड मेंदूतील घड्याळ लावतो. तो कमी पडला तर झोप, भूक आणि मन यांची लय बिघडते. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विचारा. तेथे डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो. कामाला जाताना अंधार आणि परतताना अंधार.

आपल्याकडे तेवढे होत नाही. तळोदा कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. येथे सर्वांत लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे साडेतेरा तासांचा. म्हणजे उजेड थोडा कमी होतो, पण ऊन स्वच्छ असते. तेव्हा आपल्या हिवाळ्यातील मरगळीची सगळी कारणे आकाशात शोधून चालणार नाही. काही कारणे आपल्या राहणीत आहेत. अंधार पडताच दारे लागतात. उसात बिबट्या फिरतो, म्हणून कोणी उगाच बाहेर पडत नाही. ज्याला रात्रीच्या लाईटीवर गव्हाला पाणी भरायचे असते, तो मध्यरात्री चिखलात उभा राहतो आणि दिवसा डोळे मिटत असतात. त्याला आळशी म्हणणार काय?

काही कारणे आपल्या रक्तात आहेत. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचा आजार बराच आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर नाश पावतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा रुग्णाला थकवा तर असतोच, पण थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, ती अशाच आदिवासी जिल्ह्यांसाठी. शिवाय महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. घरातील बाई पहाटे सर्वांआधी उठते, पाणी तापवते, चूल पेटवते आणि रात्री सर्वांनंतर निजते. तिला थकण्याचीही मुभा नसते. ती एखाद्या सकाळी उठली नाही, तर आधी तिच्या रक्ताची तपासणी करावी, उपदेश मागाहून.

पवित्र शास्त्राला हे ठाऊक आहे. एलिया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली जाऊन बसला आणि त्याने देवाकडे मरण मागितले (१ राजे, अध्याय १९). एवढा मोठा संदेष्टा, पण त्याचा जीव थकला होता. देवाच्या दूताने त्याला रागावले नाही, त्याच्या श्रद्धेची परीक्षाही घेतली नाही. त्याला झोपू दिले. उठवून भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला, तर पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा जेवू घातले. देवाशी बोलणे झाले ते त्यानंतर, डोंगरावर पोहोचल्यावर. गेथसेमनी बागेत शिष्य झोपी गेले, तेव्हा लूक सांगतो की ते दुःखाने झोपले होते. आणि पुनरुत्थित प्रभूने तिबेरियाच्या सरोवराकाठी आधी विस्तव पेटवून शिष्यांना न्याहारी दिली. पेत्राला प्रश्न विचारला तो न्याहारीनंतर.

मग आपल्यावर काहीच जबाबदारी नाही काय?

येथे कोणी म्हणेल, "सगळेच शरीरावर ढकलले, तर उद्या कोणीही गोधडीतून बाहेर येणार नाही." शंका रास्त आहे. मन उतरणे आपल्या हाती नसते. उतरलेल्या मनाने काय करायचे, याचा थोडा भाग मात्र आपल्या हाती असतो. तो भाग किती, हे प्रत्येकाचे वेगळे. धडधाकट माणसाच्या हाती बराच असेल. खोल नैराश्यात बुडालेल्याच्या हाती इतकाच असेल की कोणी हात पुढे केला तर तो झिडकारू नये. धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो की मानसिक कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होते, कधी उरतही नाही. देव आपल्याला जे करता येत होते तेवढ्याचाच हिशोब विचारतो.

लॉयोलाचे संत इग्नेशियस यांनी 'आध्यात्मिक साधना' या १५४८ साली छापलेल्या पुस्तकात अशा कोरड्या दिवसांसाठी मोठा व्यवहारी सल्ला दिला आहे. मन अंधारात असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नका. थंडीत शाळा सोडावीशी वाटते, भावाशी कायमचे तोडावेसे वाटते, मिस्साला जाणे बंद करावेसे वाटते. तेव्हा थांबा. जे ठरले होते ते जेवढे जमेल तेवढे चालू ठेवा. एक दशकच होत असेल तर एकच म्हणा. लिझ्यूची संत तेरेसा प्रार्थनेत पेंगत असे. आईबापांना झोपलेले लेकरूही तितकेच आवडते, असे म्हणून ती निश्चिंत राहत असे.

आणि उपाय? संत थॉमस यांनी दुःखावर पाच उपाय सांगितले आहेत: काही सुखाची गोष्ट, मनमोकळे रडणे, मित्राची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि झोप व स्नान. होय, एवढ्या थोर धर्मपंडिताने झोप आणि आंघोळ हे दुःखावरचे औषध म्हणून नोंदवले आहे! आपल्याकडे त्याची व्यवस्था आहेच. अंगणात बंब पेटतो. ऊन चांगले वर आले की अर्धा तास ओट्यावर बसावे, किंवा चालून यावे. प्रकाश 'लक्स' या एककात मोजतात. बंद खोलीत तो जेमतेम काही शे लक्स असतो, तर बाहेर उघड्यावर कित्येक हजार. उजेडाच्या उपचारासाठी परदेशात दहा हजार लक्सचे दिवे विकत घेतात. आपल्या अंगणात तो रोज फुकट येतो. शेतात भरीत-भाकरीचा बेत करावा. खान्देशच्या हिवाळ्यातले हे जेवण एकट्याने करायचे नसतेच.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. थंडी पळवण्यासाठी दारू घेऊ नये. तिने ऊब आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते, आणि उदास मन आणखी खोल जाते. तसेच बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये; तिच्या वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो.

खरी अनास्था कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आळस म्हणजे जर अनास्था, तर या हिवाळ्यात ती कोठे शोधावी? आम्हाला वाटते, गोधडीत निजलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी आपण गोधडीबाहेरच्यांनी स्वतःला तपासावे.

दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातून, तसेच अक्कलकुवा आणि धडगाव भागातून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातकडे जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून हंगाम संपेपर्यंत परतणे सोपे नसते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि काही ठिकाणी त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. भरल्या घरातली थंडी वेगळी आणि रिकाम्या घरातली वेगळी. एखादी आजी चार दिवस चूल पेटवत नाही, कारण एकटीसाठी काय रांधायचे? ती आजी आळशी झालेली नाही. तिच्या दारावरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी कोणाला चार दिवसांत धूर दिसला नाही हे जाणवले नसेल, तर सात पापांपैकी शेवटचे पाप त्या दाराच्या बाहेर आहे.

ईयोबावर संकट कोसळले तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. नंतर ते बोलू लागले, तुझ्याच चुकीने हे झाले असे त्याला पटवू लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. आपल्या घरांतही हेच होते. "काही नाही, नुसती नाटके आहेत." "जरा प्रार्थना कर, सगळे ठीक होईल." पहिले वाक्य क्रूर आहे. दुसरे चांगल्या मनाने म्हटलेले असते, पण ज्याला प्रार्थना करण्याचीही शक्ती उरलेली नाही, त्याच्यावर ते आणखी एक ओझे टाकते. त्यापेक्षा "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो, आणि उद्या सकाळी येतो, दोघे उन्हात बसू" असे म्हणावे, आणि खरोखर जावे.

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक रोजच्या रोज राहिला, जेवण-झोप बिघडली, आवडत्या कामातही रस उरला नाही, किंवा "मी नसलो तरी चालेल" असे शब्द तोंडी येऊ लागले, तर तो ऋतूचा परिणाम म्हणून थांबू नये. सरकारी दवाखान्यात न्यावे, रक्त तपासावे, डॉक्टरांना मनाचेही सांगावे. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. आणि असे शब्द बोलणाऱ्याला त्या रात्री एकटे ठेवू नये. डॉक्टरकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. एलियाने दूताची भाकर नाकारली नव्हती.

येत्या २ फेब्रुवारीला प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण आहे. त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित करून आपण घरी नेतो. तोवर दिवसही थोडा मोठा झालेला असेल. पुढे होळी येईल, ऊसतोडीला गेलेली माणसे परततील, गावे पुन्हा भरतील. पण ज्याला आजची रात्र काढायची आहे, त्याला होळीपर्यंत थांबा असे सांगून चालत नाही. म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक घर निवडावे, ज्याचे दार बरेच दिवस उघडलेले दिसले नाही. एखादी भाकर, थोडे भरीत घेऊन जावे. उपदेश घरीच ठेवून जावे. दार उघडायला वेळ लागला तर थांबावे.

प्रभू आपल्या सर्वांना थकलेल्यांविषयी धीर आणि एकमेकांविषयी आस्था देवो.